डवली कानाला लावणारा मेस्त्री

माणूस म्हणून तो बरा नव्हता, हे आधीच सांगते. मेल्यावर सगळेच बरे होतात, तसा मी त्याला बरा करणार नाही. तोंडाने फटकळ, अंगाला कायम जळक्या तेलाचा वास, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला उन्हात उभं करून ठेवण्यात त्याला काय सुख मिळायचं ते त्यालाच ठाऊक. गावात अजून त्याचं नाव निघालं की लोक डोक्याजवळ बोट नेऊन फिरवतात. फिरवू देत. त्यांच्या गाड्या कोणी नीट केल्या तेही त्यांना आठवतं, पण ते बोलत नाहीत.

आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो. मालवणातून कसालला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथे फणसाखाली त्याची झावळ्यांनी शाकारलेली खोप होती. दाराला पाटी नव्हती. "पाटी वाचून येतलो तो गिऱ्हाईक माका नको," म्हणायचा. दुरुस्तीत निघालेला जुना भाग तो मालकाच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, घरात टांगून ठेव. "वायट काय असता ता डोळ्यांसमोर आसूक व्हया." बहुतेक लोक ते तिथेच टाकून जात. मग तो ते फणसाच्या फांदीला टांगायचा. त्या झाडाला फणसांपेक्षा लोखंड जास्त लागलेलं असे.

माणसांना तो अरे-तुरे करी. मामलेदार आला तरी "बस रे थयसर." पण इंजिनाशी बोलायचा ते कचेरीतलं शुद्ध मराठी. "आपल्याला कुठे दुखतंय? जरा श्वास घ्या. घाबरू नका." आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा मी विचारलंच, असं का. तर म्हणाला, "माणूस खोटा बोलता गो. तेच्याकडे कसाय बोललंस तरी चलता. ह्या खोटा बोलणा नाय."

इंजिनाचं दुखणं ऐकायला त्याच्याकडे डवली होती. आपली स्वयंपाकघरातलीच, नारळाच्या करवंटीला बांबूचा दांडा लावलेली. दांड्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि करवंटी कानावर धरायची. डोळे मिटून असा उभा राहायचा की वाटावं आता याच्या अंगात येतंय. डवलीचं त्याच्या बायकोला फार वाईट वाटे. घरात कढी वाढायला डवली नाही आणि हा ती इंजिनाला लावतो, असं ती विहिरीवर सगळ्यांना सांगे.

आणि पेज. दुपारी उन्हाची तिरीप खोपीच्या मधल्या खांबाला लागली की हातातलं हत्यार खाली ठेवून, हात धुऊन, रस्त्याकडे पाठ करून तो उकड्या तांदळाची पेज घेऊन बसायचा. सोबत लोणच्याची फोड. त्या वेळी तो कोणासाठी उठत नसे. कुठलासा साहेब एकदा वाट बघून बघून कंटाळला आणि स्वतःच बॉनेट उघडून आत बघायला लागला. मेस्त्रीने सावकाश शेवटचा घोट घेतला आणि मान न वळवता म्हणाला, "धाप ता, बंद कर. तुका थयसर काय दिसाचा नाय."

आता जीपचं सांगते, कारण त्याच्याशी माझा संबंध आला तो जीपमुळे.

ती जीप लढाईतली होती. माझ्या नवऱ्याने कुठल्या लिलावात घेतली होती. पुढून हँडल मारलं की चालू व्हायची. नवरा वारला, जीप राहिली. मागे पाट्या ठेवायला फळ्या ठोकून घेतल्या, आणि मी व आमच्या वाड्यावरच्या सहा जणी दर बुधवारी पहाटे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातले, मासे भरून कुडाळच्या बाजाराला जाऊ लागलो. गाडी माझा भाऊ चालवी. बसवाले माशांची पाटी दिसली की थांबत नसत, म्हणून जीप म्हणजे आमचे पाय होते.

त्या बाजारात आमच्या जागेला कागद नव्हता. बसेल तिची जागा. रीत अशी की, एखादी आली नाही तर दोन बाजार तिची शेजारीण तिथे गोणपाट पसरून जागा राखी. तिसऱ्या बाजारालाही आली नाही तर गोणपाट उचललं जाई, आणि मग तिथे कोणीही बसावं. त्याबद्दल भांडायला कोणाला तोंड नसे. आमची जागा वाटेच्या तोंडाशी होती, झाडाच्या सावलीत. माझ्या सासूने ती धरली होती, पाट्या डोक्यावर घेऊन चालत जायच्या काळात.

त्या जागेवर एका व्यापाऱ्याचा डोळा होता. त्याचा बर्फाचा ट्रक होता. आम्ही सगळा मासा किनाऱ्यावरच त्याला द्यावा आणि बाजारात त्याचा माणूस बसावा, असं त्याचं म्हणणं. माझ्या दिराला त्याने ट्रकवर मुकादम करायचं कबूल केलं होतं. तेव्हापासून दिराला जीप भंगार दिसायला लागली.

दसरा झाला आणि जीप पुढच्या अंगाने खडखडायला लागली. डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज. चढावर दम सोडायची. एकदा हँडल उलटं फिरून भावाच्या मनगटावर बसलं. मग एका बुधवारी ती वाटेतच बसली आणि पाटीभर बांगडे आम्ही घरी आणून खारवले. हा पहिला बाजार बुडाला.

भावाने बैल लावून जीप मेस्त्रीकडे ओढत नेली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. एक टेम्पो खोलून बसला होता. "एक खाटेवर आसताना दुसरो पेशंट घेणंय नाय," म्हणाला. मी म्हटलं, माझी जागा जाईल. म्हणाला, "जाग्याक काय पाय आसत?" मी घालून पाडून बोलले, त्याच्या बायकोसमोर बोलले. तो टेम्पोला म्हणाला, "आपण लक्ष देऊ नका." दुसरा बाजारही बुडाला. शेजारणीने निरोप पाठवला, पुढच्या बुधवारी ये, नाहीतर माझ्याने राखवत नाही.

गुरुवारी त्याने आमची जीप घेतली. भाऊ हँडल मारी, ती क्षणभर धडधडे आणि बंद पडे. तेवढ्यात मेस्त्रीने डवली लावून ऐकलं. "अहो, आपली साखळी सैल झाली आहे," तो जीपला म्हणाला. मग रेडिएटर काढला, पंख्याचा पट्टा काढला, पुढचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. भावाला नाही, मला. आत दोन चाकं होती दातांची. खाली छोटं, वर मोठं, आणि दोघांवर साखळी. ती इतकी सैल की बोटाने उचलली तर पोटासारखी लोंबली.

"खालचा फिरता तसा वरचा फिरता," तो म्हणाला. "वरचा चाक इंजिनाची श्वासाची दारां उघडता आणि धापता. साखळी सैल, म्हणान दारां अवेळी उघडतत. साखळी गेली. आणि दात बघ, सुरमयच्या दातांसारखे टोकेरी झालेत. ते पण गेले. तिगांय बदलूक व्हयी."

दीर मागे येऊन उभा होता. म्हणाला, "साखळीच बदल मरे. चाकां आणि कित्याक?"

"ही तिगां एकमेकांका झिजवत म्हातारी झाली," मेस्त्री म्हणाला. "तेंच्यात एकटी नवी साखळी घातलंस तर हे जुने दात तिका दोन म्हयन्यांत म्हातारी करतले."

"म्हंजे माझ्या सासरासारखा," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. दीर म्हणाला, "वयनी, भंगारात दी. मी येपाऱ्याकडे बोलतंय."

"तू जा भंगारात," मी म्हटलं.

ती चाकं मालवणात मिळेनात, कुडाळातही नव्हती. कोल्हापूरला जायला हवं होतं. मी म्हटलं, भावाला पाठवते.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"मगे भाव कित्याक? तू जा."

मी तोवर घाट चढले नव्हते. त्याने मला जमिनीवर बसवलं आणि जुन्या चाकांचे दात मोजायला लावले. एका दातावर खडूची रेघ मारायची आणि तिथून सुरू करायचं. तीनदा मोजून घेतले. मोठ्याचे दात छोट्याच्या बरोब्बर दुप्पट. "छोटा दोनदा फिरता तेवा मोठा एकदा फिरता. दुप्पट नाय तर घेव नको. दुकानदार देव आसलो तरी घेव नको." मी चौथी शिकलेली. दुपटीला चौथी पुरते.

सोमवारी पहाटेच्या बसने गेले. जुनी चाकं लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माशांच्या पिशवीत घातली होती, कारण दुसरी पिशवी तेवढी घट्ट नव्हती. गाडीचे भाग विकणाऱ्या दुकानांची ओळ होती, त्यातल्या तिसऱ्या दुकानात जीपचे भाग मिळाले. दुकानदाराने आधी नाक दाबलं. मग आतून दोन चाकं आणि साखळी आणून टेबलावर ठेवली. मी खडू काढला आणि मोजायला बसले.

"मावशी, काय जपमाळ हाय व्हय ती? कंपनीचा माल हाय."

मी परत मोजले. "मोठ्याला दोन दात कमी आहेत."

"दोन दातांनं काय हुतंय? चालतंय की."

"तुमच्या तोंडातले दोन काढा आणि सांगा चालतंय का ते."

दुकानातले दोघे-तिघे हसले. तो काही वेळ गुरगुरला. कोणत्या गाडीचं छोटं आणि कोणत्या गाडीचं मोठं त्याने एकत्र केलं होतं कोण जाणे. मग माळ्यावर चढून त्याने धूळ बसलेला खोका काढला. त्यात तिन्ही वस्तू दाट ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळलेल्या होत्या. ग्रीस पुसून मोजले. बरोबर दुप्पट. पैसे दिले आणि उठले. तो म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीला नमस्कार सांगा." मी सांगितला नाही. आधीच तो डोक्यावर बसला होता.

घरी येऊन झोपले, आणि सासूने घोटाळा केला. नवी वस्तू घरात आली आणि एवढी घाण, म्हणून तिने ती चाकं राखेने आणि काथ्याने घासघासून भांड्यांसारखी लखलखीत केली. वर प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावून देवासमोर ठेवली.

मंगळवारी सकाळी मी ती मेस्त्रीसमोर ठेवली. तो बघत राहिला. "इंजिनाक राख लावलंस गो? माशे खवलवचे रवले काय?" तेलात बुडवून ठेवली. मग विचारलं, "ह्येंच्यार जुळवची खूण आसता. खंय आसा?"

मी कुंकवाकडे बोट दाखवलं.

तो हसला. मी त्याला हसताना एकदाच बघितलं, ते तेव्हा. "ही सासूची खूण. घडवणाऱ्याची शोध." शोधली तर दातांच्या खाली एकेक बारीक खळगा सापडला. त्याने चंचीतला चुना बोटावर घेतला आणि दोन्ही खळग्यांत भरला. कुंकू मात्र पुसलं नाही. "ऱ्हवांदे. कोणाच्या आड येणा नाय."

चाकं बसवायची ती साखळीसकट, एकदम. छोट्याचा पांढरा ठिपका वर आणि मोठ्याचा खाली, म्हणजे दोघे समोरासमोर, नाकाला नाक. त्याला ते जमवायला बराच वेळ लागला. "थोडे पुढे व्हा. आता थांबा. आभारी आहे," असं चाकांशी चाललेलं. शेवटी दोन्ही चाकं जागेवर गेली, ठिपके समोरासमोर आले. त्याने खालच्या नटाला मोठा पाना लावला आणि माझ्या हातात दिला.

"फिरव. उजव्या हाताक. हे दोन ठिपके परत भेटासर फिरव. भेटले तर गाडी बरी."

आणि तिरीप खांबाला लागली. तो उठला, हात धुतले आणि पाठ करून पेजेला बसला.

आमच्या सहाही जणी तिथे जमल्या होत्या. कारण पहाटेच्या रापणीचा मासा कोणाला द्यायचा ते आदल्या दिवशीच सांगावं लागे, आणि दीर व्यापाऱ्याचा निरोप घेऊन आला होता. आज हो म्हटलं तर उद्या ट्रक किनाऱ्यावर येईल. नाही म्हटलं आणि जीप निघाली नाही, तर मासाही गेला आणि जागाही गेली.

मी पाना धरला. ओढला. साखळी हलली, चाकं फिरायला लागली. छोट्याचा ठिपका खाली गेला, एक फेरा मारून परत वर आला. मी थांबले. मोठ्याचा ठिपका तिथे नव्हता. तो पार वर, दुसऱ्या टोकाला होता. छोटं मोठ्याकडे तोंड करून, तर मोठं त्याच्याकडे पाठ करून म्हणा.

"चुकलो म्हातारो," दीर म्हणाला. खूश झाला होता. "बघा गो बघा. ठिपके खंय आसत ते बघा. गाडी गेली."

मी मेस्त्रीला हाक मारली. त्याने पेजेत लोणचं कालवलं.

"मेस्त्री, ठिपके भेटले नाय."

पाठ हललीही नाही.

"तेका कळला, म्हणान तोंड लपयता," दीर म्हणाला. मी परत पाना धरला तसा तो पुढे आला. "आणखी फिरव नको, वयनी. उलट्यापालट्या बसलेला इंजिन फिरवलंस तर आतली दारां मोडतली. मगे भंगारवालो पण घेवचो नाय."

आमच्यातली एक म्हणाली, "बाये, जावंदे. ट्रक तर ट्रक." दुसरीने पदर खोचला. तिसरी दिराला विचारायला लागली की ट्रक किती वाजता येणार. त्या निघाल्याच होत्या. माझ्या हातातला पाना जड झाला होता. दारं मोडतील हे खरं की खोटं, मला माहीत नव्हतं. इंजिनाचं मला काय माहीत?

दात मात्र माहीत होते. तीनदा इथे मोजले होते, तीनदा कोल्हापुरात. छोटं दोनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा फिरतं. छोट्याचा एक फेरा झाला, म्हणजे मोठा अर्ध्या वाटेवर. अर्ध्या वाटेवर कोण कोणाला भेटणार?

"बाजू हो," मी दिराला म्हटलं.

"मोडला तर?"

"माझा मोडात. तुझा काय जाता?"

ओढला पाना. सावकाश. मधे एकदा जड लागलं, तरी ओढला. छोट्याचा ठिपका खाली गेला, बाजूने वर चढायला लागला. मोठ्याचाही वरून घसरत खाली येत होता. दोघे जवळ आले, आणखी जवळ आले, आणि समोरासमोर येऊन थांबले. नाकाला नाक. बाजूला सासूचं कुंकू.

मी वळून दिराला म्हटलं, "येपाऱ्याक सांग, मासो नाय. जीपेन कुडाळाक जाता."

तो गेला. जाताना झाडावर टांगलेल्या एका सळईला त्याचं डोकं आपटलं, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

मेस्त्रीने पेज संपवली, टोप धुतला, पालथा घातला, मग आला. ठिपके बघितले. झाकण लावायला घेतलं. मी विचारलं, "तुका ऐकाक येय होता. एक शबुद बोललंस नाय. दोन फेरे मारूक व्हये इतक्या सांगूक काय झाला होता?"

"पेज थंड झाली असती," तो म्हणाला.

मी त्याला शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

संध्याकाळी पहिल्याच हँडलला जीप चालू झाली. खडखड नाही, काही नाही. त्याने डवली लावून ऐकलं आणि जीपला म्हणाला, "या आपण." मग जुनी साखळी माझ्या हातात ठेवली.

बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस आमच्या जागेच्या कडेला रिकाम्या पाट्यांवर बसून होता. शेजारीण गोणपाट उचलायला वाकलेलीच होती. मला बघून तो म्हणाला, "आमका वाटला तुमी येणत नाय."

"वाटला ता गिळ," मी म्हटलं आणि पाटी उतरवली.

त्या दिवसापासून ती जुनी साखळी मी घरात टांगली नाही. बाजारात नेऊ लागले. गोणपाट पसरायचं आणि पुढच्या कडेला साखळी आडवी टाकायची, वाऱ्याने उडू नये म्हणून. पुढे साखळी दिसली की लोक ओळखायचे, ही जागा हिची. पाणी प्यायला उठले तरी कोणी बसत नसे.

मेस्त्री बाजारहाट करणारा माणूस नव्हता. एकदाच आला कुडाळला, कोणाची तरी गाडी बघायला. त्या वाटेच्या तोंडाशी इतकी गर्दी असते की माझ्या गोणपाटावर आणि साखळीवर दिवसभर लोक पाय देऊन जातात, कोणाकोणाला सांगणार. तो समोर उभा राहिला आणि साखळीकडे बघून म्हणाला, "नमस्कार. आपण बसा. आता आपल्याला काही काम नाही."

मग माझ्याकडे वळला. "बांगडे कालचे ना गो?"

"तुझ्या पेजेपरास ताजे आसत."

त्याने घासाघीस करून सहा घेतले, एकेकाचे कल्ले उघडून बघितले आणि निघाला. पलीकडे जायचं होतं त्याला. साखळी वाटेत होती. तो थांबला, आणि त्या गर्दीतून लोकांचे धक्के खात वळसा घालून गेला.